नसलेल्या फांदीखालून

त्या चार मजली इमारतीत राहायला येणाऱ्याला दोन गोष्टी शिकाव्या लागत. पहिली, जिन्याच्या प्रत्येक वळणाआधी मोठ्यानं "आलो!" म्हणायचं. जिना असा चिंचोळा की समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकाला मागं फिरणं भाग पडे, आणि मागं कुणी फिरायचं यावरून तळमजल्याच्या नि चौथ्या मजल्याच्या बिऱ्हाडांनी धरलेला अबोला अजून सुटला नव्हता. दुसरी गोष्ट, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मान खाली घालून वाकायचं. तिथं छताची तुळई बरोबर कपाळाच्या उंचीवर आडवी आली होती आणि इमारतीतल्या प्रत्येकानं एकदा तरी तिथं टेंगूळ कमावलं होतं.

यातली गंमत अशी की ती तुळई आता तिथं नव्हती. मागं कधी डागडुजी निघाली तेव्हा फरशीच्या कंत्राटदारानं ती कापून काढली, वर लोखंडी पट्टी ठोकली आणि "आता खुशाल ताठ मानेनं चाला" असं सांगून तो गेला. लोक वाकतच राहिले. तुळई गेल्यानंतर जन्मलेली पोरंही वाकत, कारण त्यांनी आईबापांना तिथं वाकतानाच पाहिलं होतं. एकदा एका पाहुण्यानं त्या वळणावर चपला काढल्या आणि हात जोडून विचारलं, "कोणता देव आहे हो इथं?"

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत कुंडीमावशी राहायची. सोबत दीर, धाकटी जाऊ आणि त्यांची तीन पोरं. नवरा गेल्यावर मावशीच्या वाट्याला खिडकीखालची जागा आली, आणि त्या जागेत तिचं शिलाई मशीन. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा सदरा उसवून ढिला कर, असं तिचं काम चाले. मशीन चालवताना उजवं कोपर कपाटाला लागे आणि डावं खाटेच्या खुराला. हात आवरून धरण्याची तिला इतकी सवय झाली होती की धाकटी म्हणायची, "जाऊबाई, तुम्ही झोपेतसुद्धा घडी घालून ठेवल्यासारख्या दिसता." त्या घरात एखाद्याला कोपरापासून नमस्कार करायचा म्हटलं तरी आधी खाट हलवावी लागली असती.

मावशीला हौस होती झाडांची. घरात जागा नाही म्हणून तिनं जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक डबा मांडायला सुरुवात केली. तिला कुंडीमावशी म्हणत खरे, पण तिच्याकडे कुंडी अशी एकही नव्हती. तेलाचे डबे होते, तडा गेलेलं वॉशबेसिन होतं आणि एक फुटकं हेल्मेट होतं, त्यात पुदिना.

एक दिवस चौथ्या मजल्यावर कपाट चढवणाऱ्या हमालाचा पाय मिरचीच्या डब्यात गेला. कपाट, हमाल आणि मिरची तिघंही एक मजला खाली आले. फारसं कुणाला लागलं नाही, पण सेक्रेटरी वर आला. हा पहिल्या मजल्यावरचा गृहस्थ सोसायटीचा कारभार पाही, आणि त्याच्या कानाला मोबाइल असा चिकटलेला असे की तो कुणाशी बोलतोय हे समोरच्याला उशिरा कळे.

"मावशी, हा जिना आहे, शेत नाही."

"शेत असतं तर कधीच खुरपून टाकलं असतं," मावशी म्हणाली.

"कुणाला?"

"तणाला हो. तुम्हाला कुठं काय म्हटलं?"

सेक्रेटरीनं फोनवर कुणाला तरी "थांबा जरा" म्हटलं आणि मावशीला म्हणाला, "उद्यापर्यंत एक डबा दिसता कामा नये."

मावशी रागारागानं हेल्मेट काखोटीला मारून बाहेर पडली. इमारतीच्या मागच्या भिंतीला एक खिंडार होतं. पलीकडे पडीक रान. त्यातून एक पुसटशी पायवाट निघे. एका जुन्या चिंचेच्या आडव्या फांदीखालून ती जाई, पुढं एका पुरुषभर उंच वारुळाला वळसा घाली आणि ओढ्यावर पोहोचे. ओढ्याच्या काठाला सरकारी जमिनीचा लांबलचक पट्टा होता. ‘भाजीपाल्यासाठी सर्वांना खुला’ अशी पाटी तिथं कुणी तरी लावून गेलं होतं, आणि ती वाचायला आजवर कुणी आलं नव्हतं. रानाचा मालक परगावी असे. कोण येतं, कोण जातं, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

मावशीनं हेल्मेट खाली ठेवलं, मातीत फतकल मारली आणि हात पसरले. उजवं कोपर कशालाच लागलं नाही. डावंही नाही. तिनं पुन्हा पसरून पाहिले. मग ती एकटीच हसली, आणि दुसऱ्या दिवशी सगळे डबे घेऊन तिथंच गेली.

बघता बघता तिच्या दुधीच्या वेलाची कीर्ती इमारतीत पसरली. आधी धाकटी आली, मग शेजारीण, मग अख्खा चौथा मजला. काठाचा पट्टा एवढा लांब की घोडा दौडवावा. पण या मंडळींनी त्यात काय केलं? एकमेकांना खेटून सतरंजीएवढे वाफे पाडले. दोन वाफ्यांमध्ये वाट ठेवली तीही अशी की अंग आडवं करूनच जाता यावं. एकानं तर आपल्या पालकाच्या वाफ्याला जुन्या दाराची चौकट उभी केली, आणि शेजारचा माणूस तिथं खाकरल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे.

"अहो, एवढी जागा पडलीय, जरा लांब लांब करा की!" मावशी म्हणे.

"लांब कशाला? बोलायला कोण जाणार मग तिकडं?" धाकटी म्हणे.

जाणंयेणंही तसंच. मावशीचा दीर म्हणजे उभी हयात बसमध्ये तिकिटं फाडलेला कंडक्टर. तो सकाळी खिंडारात उभा राहून "एका ओळीत, पुढं चला, मध्ये थांबू नका" असं ओरडे आणि रान चहूकडं मोकळं असताना सगळे एकामागं एक, पुढच्याच्या टाचेवर पाय देत चालत. चिंचेच्या फांदीखाली वाकत. वारुळापलीकडचं दिसत नसे, म्हणून वळसा घेण्याआधी "आलो!" म्हणत. शेवटी सेक्रेटरीही कोथिंबीर लावायला आला. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं मात्र, तो कानाला फोन लावून म्हणाला, "जिन्याचा नियम वेगळा, इथला वेगळा."

आणि एके दिवशी खिंडारात काटेरी तार दिसली.

रान विकलं गेलं होतं, आणि घेणारा होता तोच तो फरशीवाला, ज्यानं जिन्यातली तुळई कापली होती. धंद्यात त्याचं बस्तान बसलं होतं. गावाबाहेर, या रानाच्या कडेलाच त्याचा बंगला होता, बंगल्याभोवती बाग होती, आणि आता त्याला बागेपुढं मोकळं माळरान हवं होतं. माणूस तसा दुष्ट नव्हता. त्याला फक्त खिडकीतून माणसं दिसायला नको होती.

मावशी दिराला घेऊन त्याच्याकडे गेली.

"भाजीला पाणी घालायचं असतं. आम्ही काय तुमचं रान उचलून नेतो का?"

"मावशी, जागेच्या बाबतीत मी एक शिकलोय," फरशीवाला गोड बोलला. "बसायला दिली ओसरी, की माणूस हातपाय पसरी."

"हातपाय पसरायलाच तर जायचंय," मावशी म्हणाली.

"पण माझ्या रानातून वाट नाही. नकाशात बघा."

नकाशात खरोखरच वाट नव्हती. कंडक्टर भावजींनी कचेरीत अर्ज दिला तेव्हा कळलं ते एवढंच की नकाशात नसली तरी वाट लोकांच्या नेहमीच्या वापरातली असेल, तर ती वहिवाट धरतात आणि अडवता येत नाही. मात्र साहेब जागेवर येऊन स्वतः पाहणार. वाट दिसली तर आहे, नाही दिसली तर नाही.

"मग चिंता कसली?" कंडक्टर म्हणाला. "आपण चालून चालून पन्हळ पाडलीय तिथं. आंधळ्यालाही दिसेल."

मावशीला तरी झोप लागेना. तारेआड दुधी वाढत असेल, कुणी तोडत नसेल. खिडकीखाली बसून ती सदरे उसवी आणि कोपर कपाटावर आपटलं की पहिल्यांदाच तिला ते लागे. इतकी वर्षं तिथं आपटत होतं, तेव्हा कधी लागलं नव्हतं. जागा एकदा अंगवळणी पडली की जागेचा अभाव बोचतो, हे तिला नव्यानं कळत होतं.

साहेब यायचे त्या सकाळी तार काढलेली होती. मंडळी हौसेनं खिंडारातून बाहेर पडली आणि जागच्या जागी थिजली. रान रातोरात नांगरलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीभोर ढेकळं. पन्हळ नाही, वारूळ नाही. चिंच तेवढी उभी होती, तीही काही तरी वेगळी दिसत होती, पण त्या क्षणी झाडाकडं पाहायला कुणाला सुचतंय?

"वाट लागली," धाकटी म्हणाली.

"लागली कुठं? गेली!" कंडक्टर म्हणाला.

फरशीवाला छत्री टेकून उभा होता. "आपलं रान आपण नांगरायचं नाही तर कुणी?" असं तो साहेबांना म्हणाला. साहेब म्हणजे शिडशिडीत, शांत, घाम पुसत राहणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "कुठून जात होती वाट?"

"इथून!" धाकटी उजवीकडं हात करून म्हणाली.

"इथून कुठली? तिकडून," शेजारीण डावीकडं दाखवत म्हणाली.

"तुम्ही दोघी कधी पुढं असायच्या? मागून चालणाऱ्याला वाट काय कळते? ती अशी तिरकी होती," चौथ्या मजल्यावरचा एक जण म्हणाला.

"तिरके तुम्ही चालायचात!"

खुणेचं काहीच उरलं नव्हतं, म्हणून ज्याला जसं आठवेल तसं तो दाखवू लागला. बोटं दाही दिशांना. तळमजल्याच्या आणि चौथ्या मजल्याच्या बिऱ्हाडांनी कित्येक वर्षांनी एकमेकांशी बोलायला सुरुवात केली, ती "तुम्हाला काय अक्कल आहे?" इथपासून.

साहेब म्हणाले, "वाट एक असते हो. तुम्ही तर सूर्याला किरणं काढल्यासारख्या काढताय."

फरशीवाला मिशीत हसला. मावशीनं धाकटीचा पदर ओढला. आपल्याच माणसांनी आपलं वाटोळं करायचं ठरवलं, तर नांगराला बोल कशाला लावायचा? "अगं धाकटे, गप बस ना," ती कळवळून म्हणाली. पण धाकटी गप बसली असती तर ती धाकटी कसली.

शेवटी कंडक्टरच्या डोक्याला ताप झाला. भांडणाऱ्या गर्दीवर त्याचा एकच जालीम उपाय होता आणि तो त्यानं आयुष्यभर वापरला होता.

"पुरे! चला, पुढं चला! भाजीचं काय झालंय ते तरी बघून येऊ. एका ओळीत. पुढं चला, मध्ये थांबू नका!"

आणि काय नवल, भांडण जागेवर टाकून मंडळी ओळीत लागली. साहेब, अर्ज, नांगर, सगळं विसरून ती एकामागं एक ढेकळांतून निघाली. कुणाला पालक आठवला, कुणाला चवळी.

"अहो, चौकशी चाललीय ना!" मावशी मागून ओरडली. कुणी ऐकलं नाही. ती एकटी साहेबांजवळ उरली, आणि लाजेनं तिला नांगराच्या तासात शिरावंसं वाटलं.

साहेब मात्र चष्मा नीट लावून पाहत होते.

"बाई, हे लोक वाकले का?"

"कुठं?"

"तिथं. चिंचेजवळ. एकेक जण वाकून पुढं जातोय."

"फांदी आहे ना तिथं," मावशी म्हणाली.

"कुठाय फांदी?"

मावशीनं पाहिलं. फांदी नव्हती. चिंचेपुढं नुसतं मोकळं आभाळ होतं, आणि त्या मोकळ्या आभाळाखाली तळमजला वाकला, पहिला मजला वाकला, भाजी भरायची पिशवी डोक्यावर घेतलेली शेजारीण गुडघ्यात मोडून वाकली. पुढं जाऊन ओळीनं सपाट जमिनीवर एक मोठा गोल वळसा घेतला, आणि वळशाआधी प्रत्येकाचा आवाज आला, "आलो!" "आले!" "आलो!"

"आणि आता हे कुणाला सांगताहेत?" साहेबांनी विचारलं.

"वारुळापलीकडच्याला," मावशी म्हणाली, आणि वारूळही नाही हे तिच्या ध्यानात आलं.

फरशीवाला छत्री उचलून पुढं झाला. "नाटक आहे साहेब! शिकवून आणलंय सगळ्यांना. या बाईंनीच तालीम घेतली असणार."

साहेब काही बोलायच्या आत खिंडारातून सेक्रेटरी बाहेर पडला. नेहमीप्रमाणं उशिरा, नेहमीप्रमाणं फोनवर. पाणी न सोडणाऱ्या टँकरवाल्याशी त्याची हातघाई चालली होती. समोर रान नांगरलेलं आहे, साहेब उभे आहेत, फरशीवाला लालबुंद झालाय, यातलं त्याला काहीही दिसलं नाही. "एक तर टँकर पाठवा नाही तर तोंड दाखवू नका," असं म्हणत तो चकचकीत बुटांनी ढेकळांत उतरला, चिंचेपाशी पोहोचला, फोनसकट मान खाली घालून वाकला, "नाही, मी वाकणार नाही, सांगून ठेवतो!" असं टँकरवाल्याला ओरडला, ताठ झाला, आणि रिकाम्या जमिनीला वळसा घालताना फोनवर हात ठेवून म्हणाला, "आलो!"

मावशीनं तोंडाला पदर लावला. साहेबांच्या मिशा हलल्या.

"यांचीही तालीम घेतली का बाईंनी?"

"साहेब, यांच्याशी तर माझं जिन्यावरून भांडण आहे," मावशी म्हणाली.

आता फरशीवाल्याचा तोल गेला. "अहो साहेब, तुम्ही या लोकांच्या वाकण्यावर काय जाता? यांना खोडच आहे ती! यांच्या जिन्यातली तुळई मी स्वतः कापली, या हातांनी, तरी हे आजतागायत तिथं वाकतात! पोरंसुद्धा! यांच्या वाकण्याला काही अर्थ आहे का?"

साहेबांनी घाम पुसायचं थांबवलं.

"तिथं तुळई होती म्हणता?"

"होती तर!"

"नक्की त्याच जागी?"

"मी कापली म्हणतोय ना!"

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "हे लोक उगाच कुठंही वाकत नाहीत. पूर्वी काही होतं, तिथंच वाकतात."

आपल्याच तोंडानं आपला पाय अडकवलेला माणूस कसा दिसतो, ते मावशीनं त्या दिवशी अगदी जवळून पाहिलं.

साहेब ढेकळं तुडवत चिंचेपाशी गेले. बुंध्याला एके ठिकाणी चिखल थापलेला होता. त्यांनी तो बोटानं खरवडला. आतून ताज्या कापलेल्या लाकडाचा पांढरा गोल निघाला, कपाळाच्या उंचीवर.

"फांदी होती," ते म्हणाले. "तर वाटही होती. इथून, असा वळसा घेऊन, ओढ्यापर्यंत. ही माणसं जिथून गेली तिथूनच आखून घ्या, आणि तार पुन्हा दिसता कामा नये."

फरशीवाल्यानं छत्री उघडली. ऊन नव्हतं, पण त्याला काही तरी उघडायचं होतं. जाता जाता तो मावशीला म्हणाला, "निदान आरडाओरडा तरी कमी करा. माझ्या खिडकीत ऐकू येतं."

"‘आलो’ तेवढं म्हणू," मावशी म्हणाली. "तेवढ्यात तुम्ही खिडकी लावून घ्या."

मग तीही निघाली. चिंचेपाशी आली तेव्हा तिनं मनाशी ठरवलं, आता नाही वाकायचं. फांदी नाही, तुळई नाही, साहेबांनी वाट दिली आहे. ताठ मानेनं जायचं. ती ताठ चालली, आणि ऐन वेळी तिची मान आपोआप खाली गेली. मागून येणारे साहेब, ज्यांचा त्या फांदीशी नि तुळईशी काडीचा संबंध नव्हता, तेही वाकले.

काठावर वाफ्यांची दैना उडाली होती. पालक वाळून कोळसा झाला होता, चौकट कलली होती. हेल्मेटातला पुदिना मात्र फोफावून बाहेर लोंबत होता, आणि दुधी असा पोसला होता की त्याला भाजी म्हणण्यापेक्षा उशी म्हणणं सोपं.

मावशीनं मातीत बैठक मारली, डोळे मिटले आणि हात पसरले. उजवं कोपर कशाला लागलं नाही. डावंही नाही. तिनं लांब श्वास घेतला.

डाव्या कोपराला काही तरी लागलं.

"सरका की जरा, जाऊबाई," धाकटी अंगाला अंग लावून बसत म्हणाली. "मला पण बसू द्या."

काठ दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर रिकामा पडला होता. मावशीनं एकदा तो पाहिला, एकदा धाकटीला पाहिलं. मग तिनं कोपरं आवरली आणि सरकली.